प्रोबेशन म्हणजे काय? ‘पर्मनंट’ होण्याआधीच्या काळाचा नेमका अर्थ

मुंबई–गोवा महामार्गाने नागोठणे सोडून कोलाडकडे निघालात की वाटेत खांब लागते. रोहा तालुक्यातले हे गाव. मागे नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, पुढे कोलाडहून रोह्याकडे वळले की कुंडलिकेच्या काठची धाटाव एमआयडीसी आणि तिथले रासायनिक कारखाने. या पट्ट्यातल्या घरात मुलाला किंवा मुलीला नोकरी लागल्याची बातमी आली की पेढ्याबरोबर पुढचा प्रश्नही येतो, “पर्मनंट आहे का?”

उत्तर बहुतेक वेळा एकच असते, “अजून प्रोबेशनवर आहे.”

हे उत्तर कधी खरे असते. कधी मुलगा ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो, कधी अप्रेंटिस असतो, कधी अकरा महिन्यांच्या करारावर. पण चारचौघांत, विशेषतः लग्नाच्या बोलणीत, ‘प्रोबेशन’ हा शब्द बरा वाटतो. त्यात थोडी वाट पाहिली की कायम होणार, असा दिलासा आहे. अडचण अशी की अनेकदा खुद्द नोकरी करणाऱ्यालाही आपण यांपैकी नेमके कशात मोडतो हे ठाऊक नसते. म्हणून हा शब्द नीट समजून घेऊ.

प्रोबेशन या शब्दाचा अर्थ

मूळ लॅटिन क्रियापद ‘प्रोबारे’, म्हणजे तपासणे, कसाला लावणे. त्याच कुळातले इंग्रजी शब्द आपण रोज वापरतो. पुरावा या अर्थाचा ‘प्रूफ’, मंजुरी देणे या अर्थाचा ‘अप्रूव्ह’, खोलात जाऊन तपास करणे या अर्थाचा ‘प्रोब’. मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाकडून सिद्ध करून घेतात ते ‘प्रोबेट’ही यांचेच भावंड.

तेव्हा प्रोबेशन म्हणजे पारखण्याचा काळ. माणूस कामाला लागलेला आहे, जबाबदारी त्याच्यावर आहे, पण त्याच्यावर शेवटचा शिक्का बसायचा आहे.

सरकारी मराठीत यासाठी ‘परिवीक्षा’ हा शब्द आहे. ‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी आणि ‘वीक्षा’ म्हणजे पाहणे. आपली ओळखीची ‘परीक्षा’ सुद्धा ‘परि’ आणि ‘ईक्षा’ मिळूनच झाली आहे. म्हणजे दोन्ही शब्दांत पाहणेच आहे. परीक्षा तीन तासांत संपते, परिवीक्षा काही महिने किंवा वर्षे चालते. व्युत्पत्तीप्रमाणे ‘वी’ दीर्घ हवा, पण सरकारी आदेशांत आणि बातम्यांत ‘परिविक्षाधीन’ असे ऱ्हस्व रूपही सर्रास दिसते. दोन्ही रूपे दिसली तरी अर्थ एकच.

बोलताना मात्र कोणी परिवीक्षा म्हणत नाही. ‘तो प्रोबेशनवर आहे’, ‘तिचे प्रोबेशन संपले’, ‘माझे प्रोबेशन तीन महिने वाढवले’ अशीच वाक्ये ऐकू येतात. प्रोबेशनवर असलेली व्यक्ती म्हणजे ‘प्रोबेशनर’. आणि काळ संपल्यावर नोकरी पक्की होणे याला कंपनीत ‘कन्फर्मेशन’, कामगारांच्या भाषेत ‘पर्मनंट होणे’ आणि कागदावर ‘कायम होणे’ म्हणतात.

मोबाइलवरच्या ॲपचा ‘फ्री ट्रायल’ म्हणजे प्रोबेशन नव्हे. ट्रायल वस्तूची, यंत्राची, गाडीची असते. प्रोबेशन माणसाचे असते.

मराठीत हे आधी नव्हते का?

होते. त्याला ‘उमेदवारी’ म्हणत. ‘उमेद’ हा फारसी शब्द, अर्थ आशा. पूर्वी कचेरीत जागा मिळेल या आशेवर माणूस पगाराविना किंवा नाममात्र मोबदल्यावर काम करत राही, त्याला उमेदवारी करणे म्हणत. आज उमेदवार म्हटले की निवडणूक किंवा मुलाखत आठवते, पण जुना अर्थ अजून पूर्ण मेलेला नाही. अप्रेंटिससाठी सरकारी मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ असाच शब्द आहे.

फरक मात्र मोठा आहे. उमेदवारीत जागा मिळेलच असे नव्हते आणि किती दिवस वाट पाहायची याचीही मर्यादा नव्हती. प्रोबेशनमध्ये रिकामी, कायम स्वरूपाची जागा आधीच असते, माणूस त्या जागेवर नेमलेला असतो आणि काळाला मुदत असते. या तीन गोष्टी नसतील तर नेमणूकपत्रात शब्द कोणताही असो, व्यवहारात ती जुनी उमेदवारीच असते.

दोन ‘पीओ’

बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांना ‘पीओ’ हा शब्द पाठ असतो. यातला ‘पी’ म्हणजे प्रोबेशनरी. बँकेचा पीओ हा परिवीक्षाधीन अधिकारी, म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवले जाते तो.

पण जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बालविकास विभागात ‘परिविक्षा अधिकारी’ असतात. इंग्रजीत तेही प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे पुन्हा पीओच. इथे मात्र अधिकारी स्वतः कसोटीवर नसतो. न्यायालयाने किंवा बाल न्याय मंडळाने ज्यांना सुधारण्याची संधी दिली आहे, त्यांच्यावर देखरेख ठेवणे हे त्याचे काम. अक्षरे तीच, पण एकावर नजर आहे आणि दुसऱ्याकडे नजर ठेवण्याचे काम आहे. भाषांतराच्या ॲपला हा फरक अनेकदा कळत नाही.

कोर्टातले प्रोबेशन

परदेशातल्या एखाद्या गायकाला किंवा खेळाडूला ‘दोन वर्षांचे प्रोबेशन’ मिळाल्याची पोस्ट फिरते, तेव्हा खाली ‘कोणत्या कंपनीत?’ अशी गमतीची कमेंट हमखास येते. तिथला अर्थ वेगळा आहे. गुन्हा सिद्ध झाला, पण तुरुंगाऐवजी अटी घालून मोकळे ठेवले, असा तो अर्थ.

याची सुरुवात एका चांभारकाम करणाऱ्या माणसापासून झाली. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस बूट बनवत असे. १८४१ मध्ये तो कोर्टात उभा असताना दारूच्या नशेत पकडलेल्या एका माणसाला आणले गेले. ऑगस्टसने स्वतः जामीन भरला आणि याला सुधारून दाखवतो म्हणून मुदत मागितली. मुदतीनंतर तो माणूस शुद्धीत, नीटनेटका परत आला आणि नाममात्र दंडावर सुटला. ऑगस्टस १८५९ मध्ये वारला, तोवर त्याने अशा शेकडो लोकांची हमी घेतली होती. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७८ मध्ये यासाठी कायदा केला.

भारतात यासाठी १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय परिस्थिती आणि आरोपीचे वर्तन पाहून त्याला चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा. आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल तर या कायद्याच्या कक्षेतल्या गुन्ह्यात त्याला तुरुंगात का पाठवायचे याची कारणे न्यायालयाला लिहावी लागतात. गावातल्या किरकोळ मारामारीत अडकलेल्या कोवळ्या पोरांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे आणि तितकीच कमी लोकांना माहीत आहे.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांच्या बाबतीत ‘अकॅडमिक प्रोबेशन’ असाही एक प्रकार ऐकू येतो. गुण ठरावीक पातळीच्या खाली गेले की विद्यापीठ विद्यार्थ्याला ताकीद देते आणि पुढच्या सत्रात सुधारणा करायला सांगते. फोनवर हे ऐकून घरच्यांनी पोलिसांचा धसका घेऊ नये.

पत्रात काय लिहिले आहे?

आता पुन्हा खांबच्या त्या घरात येऊ. हातात नेमणूकपत्र आहे, ते इंग्रजीत आहे आणि घरातल्या सगळ्यांची नजर पगाराच्या आकड्यावर आहे. पगाराच्या वरचे दोन परिच्छेद अधिक महत्त्वाचे.

पहिली गोष्ट, पत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे? गेट मोठ्या कंपनीचे, हेल्मेटवर नाव मोठ्या कंपनीचे, पण पत्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे असेल, तर ते कंपनीतले प्रोबेशन नव्हे. पत्रच दिले नसेल तर पीएफच्या पासबुकात आस्थापना म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहावे. मोबाइलवर दोन मिनिटांत कळते.

दुसरी गोष्ट, ‘अप्रेंटिस’ असा शब्द आहे का? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याला मिळते ते वेतन नसून विद्यावेतन असते. अप्रेंटिसशिप संपली म्हणून नोकरी आपोआप मिळत नाही. काही ठिकाणी ‘ट्रेनी’ म्हणून घेतात आणि पहिल्या दिवसापासून नेहमीच्या कामगाराचेच काम देतात. असे प्रकरण न्यायालयात गेले तर पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्षात काय काम केले हे पाहिले जाते. त्यामुळे हजेरी, पाळीचे वेळापत्रक आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

तिसरी, मुदतीची शेवटची तारीख. ‘या तारखेला सेवा आपोआप संपेल’ असे वाक्य असेल तर ती निश्चित मुदतीची नोकरी आहे. ‘प्रोबेशनचा काळ इतके महिने, त्यानंतर समाधानकारक काम आढळल्यास कायम’ असे असेल तर ते प्रोबेशन.

मुदत किती असते?

सगळीकडे एकच आकडा नाही. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी जे आदर्श स्थायी आदेश वर्षानुवर्षे लागू राहिले, त्यांत प्रोबेशनचा काळ तीन महिन्यांचा धरला होता. तीन महिने सलग काम झाले आणि काम असमाधानकारक ठरले नाही, तर सात दिवसांत लेखी आदेश देऊन कायम करावे, असे त्यात म्हटले होते. ज्या कारखान्याचे स्वतःचे प्रमाणित स्थायी आदेश असतील तिथे त्यातली मुदत पाहावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती ठेवली आहे. महाराष्ट्रात आधी ही मर्यादा ५० होती. लहान कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी हा बदल साधा नाही. तिथे आता हातातल्या नेमणूकपत्रातल्या ओळींना पूर्वीपेक्षा जास्त वजन आले आहे.

खासगी कार्यालयांत, आयटी कंपन्यांत आणि व्यवस्थापकांच्या पदांवर साधारण तीन ते सहा महिने असतात. भारतीय प्रशासकीय सेवेत दोन वर्षे.

शिक्षकांचे गणित निराळे आहे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आहे. कायम रिक्त जागेवर रीतसर नेमलेल्या कर्मचाऱ्याला त्यात दोन वर्षांची परिवीक्षा आहे आणि ती पूर्ण झाली की तो कायम झाला असे मानले जाते. मधल्या काळात काम किंवा वर्तन समाधानकारक नसेल तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन संस्था सेवा संपवू शकते. मात्र २००० नंतर ‘शिक्षण सेवक’ ही तीन वर्षांची पायरी आली. वर्गात शिकवायचे पूर्ण शिक्षकाइतके, हाती मात्र मानधन. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला बरीच वर्षे महिन्याला ६,००० रुपयांवर काढावी लागली. २०२३ मध्ये ते १६,००० झाले, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. पारखण्यासाठी तीन वर्षे का लागावीत, हा प्रश्न शिक्षकांच्या संघटना अनेक वर्षे विचारत आल्या आहेत आणि तो गैर नाही.

मुदत संपली, पत्र आले नाही. मग?

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. सहा महिने झाले, सातवा सुरू झाला, कोणी काही बोलत नाही. आपण आपोआप कायम झालो का?

उत्तर त्या ठिकाणच्या नियमांवर अवलंबून आहे. नियमात फक्त ‘प्रोबेशन सहा महिने’ असेल आणि ‘कायम केल्याचा आदेश निघेपर्यंत प्रोबेशन चालू राहील’ असे असेल, तर गप्प बसून पर्मनंट होता येत नाही. पण नियमात कमाल मर्यादा घातली असेल, म्हणजे ‘कोणत्याही परिस्थितीत तीन वर्षांपेक्षा जास्त नाही’ असे असेल आणि त्यानंतरही कामावर ठेवले असेल, तर तो माणूस कायम झाला असे धरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध धरम सिंग या खटल्यात हेच सांगितले. ते प्रकरण शिक्षण खात्यातल्या कर्मचाऱ्याचे होते.

म्हणून पत्रात ‘जास्तीत जास्त’ हा शब्द आहे की नाही ते शोधावे.

काढून टाकले तर?

प्रोबेशनवरच्या माणसाला काढणे सोपे असते, हे खरे आहे. काम जमले नाही, एवढ्या कारणावर साधा आदेश काढून सेवा संपवता येते. त्याला ‘सेवामुक्त’ करणे म्हणतात. ‘बडतर्फ’ करणे वेगळे. बडतर्फी ही शिक्षा आहे आणि ती माणसाच्या पुढच्या नोकऱ्यांच्या आड येते.

२०२४ मध्ये पुण्यात रुजू झालेल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणात समाजमाध्यमांवर निलंबित, बडतर्फ, सेवामुक्त हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने फिरले. प्रत्यक्षात केंद्र सरकारने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये १९५४ च्या परिवीक्षा नियमांखाली त्या अधिकाऱ्याला सेवेतून मुक्त केले होते. निलंबन म्हणजे चौकशी होईपर्यंत दूर ठेवणे. त्यात नोकरी शिल्लक असते.

पण सोपे म्हणजे मनमानी नव्हे. चोरीचा, गैरवर्तनाचा आरोप ठेवायचा, चौकशी करायची नाही आणि आदेशात ‘प्रोबेशन असमाधानकारक’ एवढेच लिहायचे, हे चालत नाही. समशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आदेशाची भाषा साधी असली तरी त्यामागचे खरे कारण पाहिले जाईल. तिथे परिवीक्षेवर असलेल्या न्यायिक अधिकाऱ्यांचे प्रकरण होते. दिसायला साधा आदेश आणि आतून शिक्षा असेल, तर आधी आरोप सांगून बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. हा निकाल सरकारी नोकरीतला आहे. कारखान्यातल्या कामगारांच्या वादातही न्यायालये कलंक लावणारा आदेश आणि साधा आदेश असा फरक करतात.

प्रोबेशनवर असताना काय मिळते?

“प्रोबेशनवर आहेस, तुला पीएफ नाही,” हे वाक्य खोटे आहे. पीएफ लागू असलेल्या ठिकाणी पात्र कर्मचाऱ्याला तो रुजू झाल्याच्या दिवसापासून लागू होतो, कायम झाल्याच्या दिवसापासून नाही. किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या नियमांत पात्र कामगार प्रोबेशनवर आहे म्हणून सूट मिळत नाही. ग्रॅच्युइटीची वर्षे मोजताना प्रोबेशनचा काळ धरला जातो. प्रसूती रजेसाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असणे ही अट आहे. त्यात कायम असण्याचा उल्लेखच नाही, तरीही नव्या नोकरीत लागलेल्या मुलींना ‘तुमचे प्रोबेशन आहे’ म्हणून परत पाठवले जाते. रासायनिक कारखान्यात तर सुरक्षेचे प्रशिक्षण, हातमोजे, मास्क हे पहिल्या पाळीपासून मिळायला हवे. गॅस नवा आणि जुना कामगार ओळखत नाही.

कंपनीच्या स्वतःच्या सवलतींचे मात्र तसे नसते. वार्षिक बोनसच्या वरची बक्षिसे, कर्ज, कँटीनचा दर, जादा रजा या गोष्टी कायम झाल्यावरच देण्याचे धोरण कंपनी ठेवू शकते. राजीनाम्याची नोटीसही प्रोबेशनमध्ये बहुधा कमी दिवसांची असते. चांगली संधी आली तर त्याचा फायदा कर्मचाऱ्यालाही होतो.

मुदत संपायला आठवडा उरला की एचआरला दोन ओळींचा अर्ज द्यावा, ‘अमुक तारखेला माझा परिवीक्षा काळ पूर्ण होत आहे, कायम केल्याचा लेखी आदेश मिळावा.’ मराठीत लिहिला तरी चालतो. ईमेल असेल तर उत्तम, कागद असेल तर दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. मुदत वाढवली असे तोंडी सांगितले तर किती दिवसांनी आणि कोणत्या कारणाने, हे लेखी मागावे. ती पोच नेमणूकपत्राला टाचून ठेवावी.